गाठ लपवायचं काम

माझं काम गाठ लपवायचं.
कागदावर 'प्रयोगशाळा सहायक, कंत्राटी' असं आहे,
पण सकाळी नऊला, चेंबूरच्या या तिसऱ्या मजल्यावर
मी शेगडी लावते, पाणी तापवते,
मशीद बंदरहून आणलेलं जिलेटिन भुरभुरवते,
वर सूर्यफुलाचं तेल,
आणि चांगला पळीभर
भांडी घासायचा पातळ साबण,
तेल नि पाणी एकमेकांना धरून राहावं म्हणून.
गुठळी झाली तर सगळं ओतून द्यायचं.
(आमच्याकडे खरवस असाच फसायचा.)

साच्यात घातलं की दुपारपर्यंत धरतं:
एक स्तन.
पहिले सहा महिने मी त्याला नुसतं 'नमुना' म्हणायची.

मग गाठ. तेल कमी, पाणी जास्त,
कधी हरभऱ्याएवढी, कधी तुरीच्या दाण्याएवढी.
निलोफरला पाठ करून बसवते
आणि ती आत सरकवते.
कुठे, ते माझ्या वहीत. वही माझ्या कुलपात.

मग ती शोधते.
वाडग्याभोवती सोळा अँटेना, लोहार चाळीतल्या वायरी,
लहरी त्याच, ज्यांवर आपण कालचा भात गरम करतो,
पण इतक्या मवाळ
की त्यातलं एक शीतही कोमट होऊ नये.
एक अँटेना हाक घालते, पंधरा कान देतात.
चरबीतून हाक निघून जाते.
पाणी भेटलं की अडखळते, थोडी मागे फिरते.
गाठीत पाणी जास्त असतं.
सगळा शोध एवढ्या एका गोष्टीवर.

निळ्या पडद्यावर पिवळा ठिपका उगवतो.
"घड्याळात चारच्या जागी, कातडीखाली दोन सेंटिमीटर."
मी वही उघडते. बहुतेक वेळा बरोबर.
मंगळवारी तिने हवेचा बुडबुडा पकडला
आणि अर्धा दिवस आम्ही दोघी त्याला घाबरलो.

लपवण्यात तुझा हात बसलाय, असं ती म्हणते.
मी तिला सांगितलं नाही
की आई माझ्यापेक्षा सरस होती.
दीड वर्ष.
ब्लाउजमध्ये, रुमालाच्या घडीखाली,
माझ्या बारावीच्या मागे, दादाच्या लग्नाच्या मागे,
गणपती होऊ देत, मग बघू, याच्या मागे.
तिने कुठल्याच वहीत लिहिलं नव्हतं.

शुक्रवारपासून माणसं येऊ लागली.
पहिल्या आल्या ट्रॉम्ब्याच्या इंदुमती तांडेल, वय एकोणसाठ.
मोबाईल बाहेर ठेवायला तयार नव्हत्या,
मुलाची होडी परतायची होती.
"दाबणार नाय ना? मागे दाबलेलं, जीव गेलेला."
नाही म्हटलं. पालथं झोपायचं,
टेबलाच्या भोकातून खाली सोडायचं,
वाडग्यातला द्रव मी कोमट करून ठेवलाय.
त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिलं आणि हसल्या.
"आमच्या होडीवर हेच हाय.
खाली आवाज सोडायचा, म्हावरं असलं तर परत येतो."
"आणि नसलं तर?" निलोफर.
"तर डिझेल फुकट."
मग झोपता झोपता, जिलेटिनच्या डब्यांकडे बघत,
"हितं जाऊ दे फुकट."

नऊ मिनिटं. यंत्राचा साधा घुमारासुद्धा नाही.
डाव्या बाजूला काहीतरी फिकट आलं,
पिवळं म्हणावं तर नाही, निळं म्हणावं तर नाही.
मी सवयीने वही काढली.
पान उलटलं.
मागचंही पाहिलं.

निलोफरने परळची चिठ्ठी लिहिली, सोनोग्राफीसाठी.
"ताई, हे यंत्र अजून शिकतंय.
याच्या सांगण्यावर रडू नका. हसूही नका."
त्यांनी चिठ्ठीच्या चार घड्या केल्या
आणि ब्लाउजमध्ये खोचायला गेल्या.

तिथे नको, मी म्हटलं.
जरा मोठ्यानेच.
हातात धरा.

लिफ्टपर्यंत त्यांनी ती हातात धरली,
भिजलेली नोट धरावी तशी,
दोन बोटांत, अंगापासून लांब.